ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला जायचंय: भरती, बोट आणि वेळेचं गणित सांगा

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याची सवय असलेल्या माणसाचा प्रश्न आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. तिथलं गणित सरळ असतं. उजाडायच्या आत चापडगावला पोचायचं, मनोऱ्यावर चढायचं, ऊन चढलं की परत फिरायचं. आता मार्चमध्ये ऐरोलीहून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची बोटफेरी करायचा विचार आहे. आम्ही चौघं: दोघं मोठे, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त.

बोटीच्या वेळा रोज बदलतात असं कळलं. एखाद्या दिवशी सकाळी, दुसऱ्या दिवशी दुपारी, असं का? पहाटेचीच फेरी मिळेल असा दिवस शोधावा, की कुठलीही चालेल? दुर्बीण ८×४२ आहे, कॅमेऱ्याला ७०-३०० ची लेन्स. एवढ्यावर भागेल का? मुलीला नुसते लांबचे गुलाबी ठिपके दाखवून कंटाळा येईल, तिच्यासाठी अजून काय आहे? आणि बोटीत चढणं-उतरणं वयस्कर माणसाला कितपत जमतं?

---

भांगभरती

पहिलं म्हणजे पहाटेचा हट्ट सोडा. नांदूरमध्यमेश्वर हा बंधाऱ्यामागचा फुगवटा आहे. पाणी सकाळी जिथे तिथेच संध्याकाळी, म्हणून तिथले पक्षी उन्हाच्या घड्याळावर चालतात. खाडीतला पक्षी चिखलाच्या घड्याळावर चालतो. चिखल उघडा असेल तेव्हा खायचं, बुडला की थांबायचं, मग दिवस असो की रात्र.

आता बोट. पूर्ण ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की बोट चालवायला खोलीच उरत नाही, आणि पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलावर विखुरतात. पूर्ण भरतीला बोट मजेत फिरते, पण चिखल पाण्याखाली गेलेला असतो. रोहित एकतर तिवरांच्या (काठावरच्या कांदळवनातल्या झाडांच्या) कडेला दाटीवाटीने उभे राहतात किंवा उडून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणजे बोटीला पाणी हवं आणि पक्ष्याला चिखल हवा. दोन्ही एकाच वेळी मिळतं ते भरती चढत असताना मधल्या टप्प्यात, आणि पुन्हा उतरताना. त्यातही चढती भरती जास्त चांगली, कारण पाणी पक्ष्यांना हळूहळू काठाकडे सरकवत आणतं. तुम्ही थांबता आणि पक्षीच जवळ येतात. उतरत्या पाण्यात उलटं होतं, ते चिखलामागोमाग लांब जातात.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून बोटीची वेळही सरकते. नाशिकला बसून अंदाज बांधायचा असेल तर कोळ्यांचा हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागायचं. हीच वेळ पहाटेची किंवा सकाळचीही आणि दुपारची किंवा रात्रीचीही, कारण दिवसात दोन भरत्या येतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला भरती मुंबई बंदराच्या थोडी मागून पोचते. दिवस निवडायला हे पुरतं. फेरीची वेळ मात्र ऐरोलीच्या बोटफेरी केंद्राने दिलेलीच धरायची, पाऊणपटीवर भांडायचं नाही.

तुम्हाला सकाळचा उजेड आणि चढती भरती दोन्ही हवं असेल तर दशमी ते चतुर्दशी बघा, शुद्ध किंवा वद्य कुठलीही. भरती साडेसात ते साडेदहाच्या मध्ये पूर्ण होते आणि त्याआधीचे दोन तास तुमचे. दशमीला मात्र ते दोन तास उजाडण्यातच जातात, म्हणून द्वादशी-त्रयोदशी सगळ्यात सोयीची.

एक बारकावा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. चिखलाचा मोठा भाग बुडतच नाही, त्यामुळे पक्ष्यांना काठाकडे यायची गरज पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी झपाट्याने चढतं. पक्षी जवळ येतात, पण ती वेळ लवकर संपते. अर्धा तास उशीर झाला तर चिखल गेला आणि पक्षीही गेले. त्रयोदशी या दोन्हींच्या मध्ये पडते.

---

कांदळ

भांगभरतींनी पाण्याचं सांगितलं, मी काठाचं सांगते.

ऐरोलीचं केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं आहे. तिकडे जाऊन नुसती बोट करून परतू नका. मुलीसाठी खरी गंमत बोटीत नाही, लाकडी पुलावर आहे. ओहोटी असताना पुलावरून खाली चिखलात बघायचं. आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं न हलता उभं राहिलं की बिळांतून खेकडे बाहेर येतात. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते आणि तो ती वर-खाली हलवत असतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. सावली पडली की सगळे एकदम आत. त्यामुळे मुलीला आधीच सांगून ठेवा: सूर्याकडे पाठ करून उभं राहू नकोस, तुझीच सावली त्यांच्यावर पडेल.

दुसरी निवटी. मासा आहे पण चिखलावर चालतो. पुढचे पर कोपरासारखे टेकवून स्वतःला ओढत नेतो. अंग ओलं आहे तोवर त्वचेतून श्वास घेता येतो, म्हणून मधूनच डबक्यात लोळून येतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभा करतात. दुर्बीण ह्यासाठीच आणा. ८×४२ मधून दहा-बारा फुटांवरची निवटी बघणं हे लांबच्या फ्लेमिंगोपेक्षा मुलांना जास्त आवडतं. फक्त तुमची दुर्बीण किती जवळचं स्पष्ट दाखवते ते घरीच तपासा. काही दुर्बिणींना पंधरा फुटांच्या अलीकडचं धूसरच दिसतं.

तिसरी गोष्ट फुकट आहे. तिवराचं पिकलेलं पान खाली पडलेलं मिळालं तर उचलून त्याला जीभ लावायची. खारट लागतं. तिवर खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात जवळून बघितलं तर मिठाचे कणही चमकताना दिसतात. झाडावरचं पान तोडू नका. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात ती त्याचीच श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं नाक वर काढतात. पांढऱ्या चिप्पीची मुळं त्याहून जाड, खाली रुंद आणि वर निमुळती. चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, तिचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी खाली पांढऱ्या पुंकेसरांचा सडा दिसतो.

सासूबाईंसाठी. बोटीत चढताना अडचण येते ती पाण्याच्या पातळीची. पाणी चढलेलं असेल तर बोट आणि जेट्टी जवळजवळ सारख्या उंचीवर असतात. पाणी उतरलेलं असेल तर उतार वाढतो आणि पायाखाली शेवाळ लागतं. म्हणजे चढत्या भरतीच्या फेरीत चढताना थोडा त्रास, उतरताना सोपं. मोठ्या बोटीचं तिकीट घ्या, लहान बोट पाय ठेवताना हलते. आधी एकाने बोटीत जायचं, मग त्यांनी दोन्ही हात मोकळे ठेवून यायचं. पर्स, पिशवी, छत्री दुसऱ्याच्या हातात. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. जीवरक्षक जॅकेट सगळ्यांना घालावंच लागतं, लहान मापाचं मुलीसाठी आधीच मागून घ्या. बोटीत शौचालय नसतं, फेरीआधी केंद्रातच जाऊन या.

---

चहावाला

एवढं बुकिंग वगैरे कशाला? शिवडीला जा. हार्बर लाइनने उतरायचं, पूर्वेला जेट्टीपर्यंत टॅक्सी, समोर हजारो फ्लेमिंगो. तिकीट नाही, काही नाही.

---

भांगभरती

@चहावाला, हे दहा वर्षांपूर्वीचं उत्तर झालं. शिवडीच्या चिखलावरूनच अटल सेतू निघतो. बांधकामाच्या वर्षांत तिथल्या पक्ष्यांनी जागा बदलल्या. जानेवारी २०२४ मध्ये पूल सुरू झाला, पक्षी अजूनही येतात, पण "समोर हजारो" ह्या भरवशावर नाशिकहून कुटुंब घेऊन यावं असं नाही. शिवाय तो सगळा बंदराचा, गोदामांचा भाग. ट्रकची वर्दळ, सावली नाही, शौचालय नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईंना तिथे दोन तास उभं करणं मला पटत नाही. आणि शिवडी अभयारण्यात येतही नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य वरच्या बाजूला आहे, ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यान, सुमारे १,६९० हेक्टर. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकीचं पाणी. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य.

गोदाकाठ, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) महाराष्ट्रातलं पहिलं नाव तुमच्या नांदूरमध्यमेश्वरचं, मग लोणार, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी.

बोट चुकली किंवा सासूबाईंना नकोच वाटली तर शिवडीपेक्षा नेरुळ बरं. सीवूड्स-दारावे स्थानकावरून रिक्षाने डीपीएस तलाव किंवा टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. इथे गणित बरोबर उलटं लावायचं: पूर्ण भरतीच्या वेळी जायचं. खाडीतला चिखल बुडाला की पक्षी इथे येऊन थांबतात, एका पायावर, मान पाठीत खुपसून. खाणं चालू नसतं, हालचाल कमी, पण रस्त्याकडेने बघता येतात. तलावात खाडीचं पाणी यायची वाट बुजली की तो सुकतो किंवा शेवाळाने भरतो आणि पक्षी फिरकत नाहीत. म्हणून निघण्याआधी त्या आठवड्यात तिथे पक्षी आहेत का ते विचारून घ्या.

---

लेन्सवाला

कॅमेऱ्याबद्दल.

७०-३०० पुरेशी आहे, जर अपेक्षा बरोबर ठेवल्या तर. एकट्या पक्ष्याचा चेहरा भरून फोटो त्यात येणार नाही. थवा, उडताना लाल-काळे पंख, मागे ठाण्या-मुलुंडच्या इमारती, हे मस्त येतं. मला विचाराल तर ह्या जागेचा खरा फोटो तोच आहे.

बोटीत सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते इंजिनाच्या थरथरीने. कोपर कठड्यावर टेकवला की स्थिर वाटतं, पण थरथर सरळ लेन्समध्ये जाते. कोपर अंगाला लावा, बसून काढा. शटर १/१००० च्या खाली आणू नका, उडणाऱ्या थव्याला १/२०००. आयएसओ स्वयंचलित ठेवून कमाल ३२०० लावा. चालकाने इंजिन बंद केलं तर त्या दोन-तीन मिनिटांत १/५०० लाही चालतं, त्या वेळी दुर्बीण खाली ठेवून कॅमेरा घ्या.

उघड्या चिखलावर फिकट रोहित उभा असेल तर कॅमेरा गडद चिखल बघून उजेड वाढवतो आणि पक्षी पांढराफटक जळतो, पिसांची गुलाबी छटाच जाते. तिथे एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश. पाणी चमकत असेल आणि पक्षी त्यापुढे असेल तर उलट, अधिक दोन-तृतीयांश, नाहीतर पक्षी काळी सावली होतो. बोट वळली की हे बदलतं, त्यामुळे अंगठा त्या चक्रीवरच ठेवा.

ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. सकाळी भांडुपच्या दिशेला बघाल तेव्हा सूर्य पाठीमागे, रंग छान. दुपारी तीननंतर त्याच बाजूला बघाल तर सूर्य समोर. म्हणून भांगभरतींची दशमी-चतुर्दशी फोटोच्या दृष्टीनेही बरोबर आहे. पंचमी-षष्ठीची दुपारची फेरी मिळाली तर रंग विसरा, पाण्यावरच्या आकृत्या काढा. पलीकडच्या काठाला भांडुप उदंचन केंद्राकडूनही (पंपिंग स्टेशन) बोट निघते, तिथे हा हिशेब उलटा.

अकरानंतर चिखलावरून तापलेली हवा वर उठते. लांबचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे डुगडुगीत येतात. तो लेन्सचा दोष नाही, महागडी लेन्स आणूनही जात नाही. जवळचे पक्षी घ्या. मोबाइल दुर्बिणीला लावायचा खटाटोप बोटीत करू नका, दोन्हींपैकी एक खाडीत जाईल. ड्रोन तर घरीच ठेवा.

---

गोदाकाठ

खूप धन्यवाद. तिथीचं पाऊणपट आजवर ऐकलं नव्हतं, लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून बघितलं. आम्ही पंचवटीने येणार होतो, ती ठाण्याला दहाच्या आसपास पोचते. म्हणजे द्वादशी-त्रयोदशीला भरती उरकलेली असेल, बरोबर ना?

आणि एक. लहान रोहित आणि मोठा रोहित बोटीतून वेगळे कसे ओळखायचे? पुस्तकात उंची दिली आहे, पण लांबून उंची कशी कळणार?

---

शेकाट्या

उंचीवर जाऊ नका, चोच बघा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, लांबून पूर्ण काळीच दिसते. दुर्बिणीत "गुलाबी चोच, काळं टोक" असं दोन रंगांत दिसलं तर मोठा, नुसता काळा बाक दिसला तर लहान. दोघं शेजारी आले तर उंचीही कळते: लहान साधारण ८०-९० सेंटीमीटर, मोठा सव्वा-दीड मीटरपर्यंत. लहान जास्त गुलाबी असतो. मोठा बराचसा पांढरा, पण उडाला की पंखांतला लाल रंग असा पेटतो की अग्निपंख हे नाव का पडलं ते कळतं. थव्यात राखाडी-तपकिरी, मळके पक्षी दिसतील ती आजारी माणसं नव्हेत, पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यातून येतो आणि तो चढायला काही वर्षं लागतात.

चोच दिसत नसेल तर खायची पद्धत बघा. दोघंही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर पंप करून गाळतात. लहान रोहित पाण्याच्या वरच्या थरातलं सूक्ष्म शेवाळ गाळतो, म्हणून चालता चालता डोकं डावी-उजवीकडे झुलवत जातो. मोठ्याला चिखलातले बारीक जीव हवे असतात. तो मान खोल घालतो आणि एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो. ओहोटीनंतर चिखलावर मधे उंचवटा आणि भोवती चर अशी रिंगणं दिसली तर ती त्याचीच.

फ्लेमिंगोवर डोळे खिळवून बाकीचं सोडू नका. मार्चमध्ये चिखलावरची बारकी मंडळी बघण्यासारखी असतात. काळ्या शेपटीचे पाणटिवळे शेकड्यांनी असतात. उत्तरेला परतायच्या तयारीत असल्याने काहींच्या माना-छात्या विटकरी व्हायला लागलेल्या असतात. चिखल्या आणि तुतारींचंही तसंच, जानेवारीत सगळे एकसारखे करडे आणि मार्चअखेर एकेक वेगळा. उचाट्याची वर वळलेली चोच आणि शेकाट्याचे लालगुलाबी लांब पाय मुलीला पहिल्या नजरेत ओळखता येतील. आकाशात ब्राह्मणी घार, खांबावर मोरघार. बोटीमागे कुरव येतात. कोणी त्यांना गाठिया-शेव टाकत असेल तर तुम्ही टाकू नका आणि शेजाऱ्यालाही सांगा. तेलकट-खारट खाणं त्यांना वाईट, आणि एकदा सवय लागली की ते बोटींमागेच फिरत राहतात.

कपड्यांच्या रंगाची फार चिंता नको. बोट त्यांना रोज दिसते. बिचकतात ते कोणी एकदम उभं राहिलं, हात लांब करून दाखवलं किंवा ओरडलं की. थव्यातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि पक्षी एकाच दिशेला चालायला लागले की समजायचं आपण फार जवळ आलोय. त्या क्षणी चालकाला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. पुढची पायरी उडण्याची असते, आणि भरती चढत असताना उडवलं की त्यांचा खाण्याचा उरलेला वेळ गेला.

---

भांगभरती

@गोदाकाठ, बरोबर ताडलंत. पंचवटीने आलात तर ऐरोलीला पोचेपर्यंत अकरा. मग पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदा-द्वितीया घ्या. प्रतिपदेला पावणेएक, द्वितीयेला दीड, म्हणजे अकरा ते साडेबाराची चढती भरती तुम्हाला मिळते. ऊन डोक्यावर असेल, लेन्सवाल्यांनी सांगितलेली डुगडुगही असेल, पण पक्षी असतील. उजेड आणि पक्षी दोन्ही हवे असतील तर आदल्या रात्री ठाण्यात मुक्काम करून त्रयोदशीची सकाळ धरा. मी दुसरं सुचवेन, सासूबाईंनाही तेच सोपं.

ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्सहार्बरची गाडी, फलाट ९, १० आणि १०अ. मध्य रेल्वेच्या मुख्य फलाटांवरून पुलाने जावं लागतं, जिना टाळायचा तर सरकता जिना किंवा लिफ्ट शोधायला दहा मिनिटं जास्त धरा. गाडी पनवेलची असो, वाशीची किंवा नेरुळची, तिन्ही ऐरोलीला थांबतात. मधे दिघा गाव हे नवं स्थानक आलंय, तिथे चुकून उतरू नका. ऐरोलीला उतरून रिक्षा. नुसतं "फ्लेमिंगो सेंटर" म्हटलं की कळतं.

बोट आधी ऑनलाइन घ्या. शनिवार-रविवारच्या चढत्या भरतीच्या जागा आधी संपतात आणि उरतात त्या उतरत्या पाण्याच्या. दर आणि वेळा मोसमागणिक बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा कोणाचा स्क्रीनशॉट धरून चालू नका. फेरी साधारण नोव्हेंबर ते मे, पावसाळ्यात बंद. त्या काळात पक्षीही कच्छकडे गेलेले असतात. फेरीच्या अर्धा तास आधी पोचा. भरती कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे बोटही थांबवत नाहीत.

---

गोदाकाठ

ठाण्यात मुक्कामच करतोय. शुद्ध त्रयोदशी, शनिवार, सकाळची पहिली फेरी, मोठी बोट, चार जागा मिळाल्या. मुलीने निवटीचं चित्र आताच काढून भिंतीला लावलंय. खाडीला वास फार येतो असं कोणी म्हणालं, सासूबाईंना मळमळ होईल का?

---

कांदळ

वास येतो. दोन वास असतात. कुजक्या अंड्यासारखा येतो तो चिखलाचा स्वतःचा, हवा नसलेल्या गाळात तसा वायू तयार होतो. तो ओहोटीला जास्त. दुसरा सांडपाण्याचा. भोवतालच्या शहरांचं किती पाणी ह्या खाडीत येतं ते काही लपून राहिलेलं नाही. गंमत अशी की त्यातल्या खतानेच शेवाळ फोफावतं आणि लहान रोहिताचं ताट भरतं. म्हणून "पक्षी येतात म्हणजे खाडी स्वच्छ" असं मुलीला सांगू नका, ती पुढे प्रश्न विचारेल.

त्रयोदशीला पाणी चढत असेल, त्यामुळे पुलावर वास येईल पण बोटीत वाऱ्यावर कमी जाणवेल. खाडीचं पाणी समुद्रासारखं उसळत नाही, बोट लागत नाही सहसा. तरी रिकाम्या पोटी नको आणि मिसळ खाऊनही नको. आल्याची वडी खिशात ठेवा, बसायला पुढचा भाग, इंजिनाच्या धुरापासून लांब.

आणि तेरा पाऊणे पावणेदहा. तुमची फेरी संपेल तेव्हा चिखल बुडालेला असेल, पुलाखाली निवटी दिसणार नाही. आधी बोट, मग आतली माहितीची दालनं, डबा खायचा, आणि दुपारी एक-दीडनंतर पाणी उतरलं की पूल. क्रम उलटा केलात तर चित्रातल्या निवटीवरच समाधान मानावं लागेल.